ओव्हलच्या नऊ धावा आणि पंचांवरचा राग

इतिहासाच्या आजच्या भागात आपण रागाबद्दल बोलणार आहोत. राग म्हणजे पंचांवरचा राग. टीव्हीसमोर बसून "अरे, आंधळा आहे का हा!" असं ओरडला नाही, असा क्रिकेटवेडा मराठी माणूस शोधून सापडायचा नाही. या रागाला इतिहास आहे. त्यातला मोठा भाग इथे, या देशाच्या मैदानांवर घडला आहे, आणि त्यातून या खेळाचे नियम बदलले आहेत.

सुरुवात शब्दापासून करू. अंपायरला आपण पंच म्हणतो. हा शब्द गावच्या पारावरून मैदानात आला. पंच म्हणजे मुळात पाच जण. पाचामुखी परमेश्वर, म्हणून पाचांनी दिलेला निवाडा गावाने मानायचा. इंग्रजी 'अंपायर' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचा मूळ अर्थ, जो दोघांपैकी कोणाच्याही जोडीचा नाही तो, म्हणजे तिसरा. दोन्ही शब्दांत अपेक्षा एकच आहे: निवाडा करणारा वादी-प्रतिवादींपैकी कोणाचा नसावा. कसोटी क्रिकेटमध्ये मात्र शंभराहून अधिक वर्षं नेमकं उलट चाललं. सामना ज्या देशात, दोन्ही पंच त्याच देशाचे. १९१२ साली इंग्लंडमध्ये तिरंगी स्पर्धा झाली, तेव्हा ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांच्या सामन्यांत इंग्लिश पंच उभे होते. तो अपवाद सोडला तर पाहुण्याने यजमानाच्याच पंचांवर भरवसा ठेवायचा, हा रिवाज.

आता १९७९ सालात जाऊ. लंडनचं ओव्हल मैदान. मराठी माणसाला ते १९७१ पासून जवळचं, कारण अजित वाडेकरच्या संघाने इंग्लंडमधला भारताचा पहिला कसोटी विजय तिथेच मिळवला होता. आठ वर्षांनी, ४ सप्टेंबर १९७९ रोजी, त्याच मैदानावर चौथ्या कसोटीचा शेवटचा दिवस होता. भारतापुढे ४३८ धावांचं लक्ष्य होतं. एवढ्या धावा चौथ्या डावात करून त्याआधी कोणी कसोटी जिंकली नव्हती. सुनील गावसकर आणि चेतन चौहान यांनी २१३ धावांची सलामी दिली. मग दिलीप वेंगसरकर आला. धावफलकावर १ बाद ३६६ लागले, तेव्हा विजय दारात उभा होता.

आणि तिथून गाडी घसरली. वेंगसरकर ५२ वर बाद झाला. आठ तासांहून जास्त खेळून २२१ धावा केलेला गावसकर बोथमच्या चेंडूवर गोवरकडे झेल देऊन परतला. विश्वनाथ झेलबाद, यशपाल शर्मा पायचीत, यजुर्वेंद्र सिंग पायचीत, कर्णधार व्यंकटराघवन धावचीत. वेळ संपली तेव्हा भारत ८ बाद ४२९. सामना अनिर्णित. नऊ धावा कमी पडल्या.

त्या शेवटच्या तासातल्या काही निर्णयांवर भारतीय संघ नाराज होता. पंच होते डेव्हिड कॉन्स्टंट आणि केन पामर, आणि रोख होता कॉन्स्टंट यांच्याकडे. ही नाराजी पुढे अनेक वर्षं टिकली. पण इतिहास सांगताना बाकीचा हिशेबही मांडायला हवा. मोक्याच्या क्षणी कपिल देवला बढती देऊन वर पाठवलं आणि तो शून्यावर बाद झाला. विश्वनाथसारखा कसलेला फलंदाज सहाव्या क्रमांकापर्यंत थांबवून ठेवला. बोथमने अखेरच्या टप्प्यात अफलातून गोलंदाजी केली. नऊ धावांच्या त्या खड्ड्यात पंचांचा वाटा किती आणि आपला किती, हे कोणालाच मोजून सांगता यायचं नाही. रागाचं हेच असतं. हरण्याची दहा कारणं असली, तरी बोट दाखवायला एकच माणूस सोपा पडतो, आणि तो पांढरा कोट घालून मध्यभागी उभा असतो.

आता पुढच्या तीन वर्षांत काय काय घडलं ते क्रमाने ऐका.

फेब्रुवारी १९८०. मुंबईचं वानखेडे. भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाची कसोटी. कर्णधार होता तोच विश्वनाथ. इंग्लंडचे ५८ धावांत पाच गडी बाद झालेले, आणि बोथमबरोबर यष्टिरक्षक बॉब टेलर किल्ला लढवत होता. पंचांनी टेलरला यष्ट्यांमागे झेलबाद दिलं. चेंडू बॅटला लागलाच नव्हता, अशी विश्वनाथची खात्री होती. त्याने पंचांना विनंती करून टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागी केली आणि इंग्लंड दहा गडी राखून जिंकलं. त्या एका सौजन्याची किंमत केवढी मोठी होती! तरी आजही विश्वनाथचं नाव निघालं की लोक तो प्रसंग आधी सांगतात.

फेब्रुवारी १९८१. मेलबर्न. लिलीच्या चेंडूवर पंच रेक्स व्हाइटहेड यांनी गावसकरला ७० वर पायचीत दिलं. चेंडू आधी बॅटला लागला होता, असं गावसकरचं म्हणणं. त्यात लिलीने टाकलेल्या शब्दांनी ठिणगी पडली. गावसकरने चौहानला सोबत घेतलं आणि दोघे मैदान सोडून निघाले. सीमारेषेवर व्यवस्थापक विंग कमांडर दुराणी आडवे आले आणि त्यांनी चौहानला परत पाठवलं, म्हणून सामना वाचला. गंमत पाहा, तो सामना भारताने ५९ धावांनी जिंकला. ऑस्ट्रेलिया ८३ धावांत गारद झाली. चौहान परतला नसता, तर कपिलचे पाच बळी कुठल्या धावफलकावर लागले असते? ती कृती आपल्याला शोभणारी नव्हती, असं गावसकरने पुढे स्वतःच सांगितलं.

डिसेंबर १९८१. बंगलोर. आता रागावण्याची पाळी इंग्लंडची होती. पाहुण्या संघाचा कर्णधार कीथ फ्लेचर याला भारतीय पंचांनी झेलबाद दिलं. जाता जाता त्याने बॅटने बेल्स पाडल्या. पुढे त्याचं कर्णधारपदही गेलं.

आणि मग १९८२चा उन्हाळा. भारतीय संघ पुन्हा इंग्लंडमध्ये आला आणि त्याने डेव्हिड कॉन्स्टंट यांच्या नावाला हरकत घेतली. टेस्ट अँड काउंटी क्रिकेट बोर्डाने ती मानली आणि भारताच्या कसोटींमधून कॉन्स्टंट यांना बाजूला ठेवलं. पाच वर्षांनी पाकिस्तानने याच पंचांबद्दल अशीच मागणी केली, तेव्हा बोर्डाने ती फेटाळली. त्याच वर्षी डिसेंबरात फैसलाबादला इंग्लंडचा कर्णधार माइक गॅटिंग आणि पंच शकूर राणा एकमेकांवर बोट रोखून भांडले आणि खेळाचा एक पूर्ण दिवस वाया गेला.

मंडळी, ही यादी नीट पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. भारतात इंग्लंडला वाटायचं पंच भारताचे. इंग्लंडमध्ये भारताला वाटायचं पंच इंग्लंडचे. पाकिस्तानला तेच, ऑस्ट्रेलियात सगळ्यांना तेच. सगळेच पंच लबाड होते, असं मानायला काही आधार नाही. इंग्लंडचे पंच तर बहुतेक जुने काउंटी खेळाडू, उन्हाळाभर रोज उभे राहणारे, आणि कसबात जगात सर्वांत सरस मानले जाणारे. दोष व्यवस्थेत होता. ज्या मंडळाचा संघ खेळतो, तेच मंडळ पंच नेमतं आणि तेच त्यांना मानधन देतं. अशा वेळी प्रामाणिक चूकही पक्षपातासारखी दिसते, आणि पंचाला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करायला काही वाटच उरत नाही.

ही गाठ सोडवण्याच्या कामात आपल्या महाराष्ट्राचा एक माणूस होता. पिलू रिपोर्टर. मुंबईचे पारशी, महाराष्ट्र राज्य वीज मंडळात नोकरी, पुढे ठाण्यात राहणारे. १९८६ साली इम्रान खानच्या पुढाकाराने पाकिस्तानने ठरवलं की वेस्ट इंडिजविरुद्ध तिसऱ्याच देशाचे पंच बोलवायचे. लाहोरच्या कसोटीत पिलू रिपोर्टर आणि हैदराबादचे व्ही. के. रामस्वामी उभे राहिले. भारताचे पंच, पाकिस्तानात! आणि यजमान पाकिस्तान तो सामना एक डाव आणि दहा धावांनी हरलं. पंचांनी जिंकवलं किंवा पंचांनी हरवलं, असं म्हणायची सोयच राहिली नाही.

तीन वर्षांनी भारत पाकिस्तानात गेला, तेव्हा इंग्लंडचे जॉन हॅम्पशायर आणि जॉन होल्डर पंच होते. १५ नोव्हेंबर १९८९ रोजी कराचीत याच दोघांसमोर एक सोळा वर्षांचा मुंबईकर पोरगा पहिल्यांदा कसोटी खेळायला उतरला. त्याचं नाव तुम्हाला सांगायला नको. पुढे १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक तटस्थ पंच आला. त्या पंचमंडळाला नॅशनल ग्रिड या इथल्याच वीज कंपनीने प्रायोजकत्व दिलं होतं. २००२ पासून दोन्ही पंच तटस्थ झाले.

त्या नव्या मंडळातलं एक नाव होतं श्रीनिवास व्यंकटराघवन. हो, ओव्हलवर धावचीत झालेला आपला कर्णधार! मराठीत खेळाडूला आपण सहज 'अरे' म्हणतो आणि पंचांना 'अहो'. व्यंकट हे 'अरे'चे 'अहो' झाले. १९९९च्या विश्वचषकात एजबॅस्टनला ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांची उपांत्य फेरी २१३-२१३ अशी बरोबरीत सुटली, तेव्हा डेव्हिड शेपर्ड यांच्या जोडीला तेच उभे होते. त्यांनी ७३ कसोटींत पंचगिरी केली. ज्या देशात अन्याय झाल्याची भावना घेऊन त्यांचा संघ परतला, त्याच देशाने पुढे आपले सामने त्यांच्या बोटावर सोपवले.

मग राग संपला का? नाही. २००६ साली याच ओव्हलवर पंच डॅरेल हेअर आणि बिली डॉक्ट्रोव्ह यांनी पाकिस्तानवर चेंडू कुरतडल्याचा ठपका ठेवला. चहापानानंतर पाकिस्तानचा संघ वेळेत मैदानात आला नाही आणि सामना इंग्लंडला बहाल झाला. कसोटीच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. दोन्ही पंच तटस्थ होते. नंतरच्या सुनावणीत चेंडूबाबतचा आरोप टिकला नाही, पण मैदानात न आल्याबद्दल इंझमामवर बंदी आली. २०१९च्या लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात स्टोक्सच्या बॅटला लागून चेंडू सीमापार गेला आणि सहा धावा दिल्या गेल्या. नियमाने पाचच द्यायला हव्या होत्या. कुमार धर्मसेना यांनी ती चूक नंतर मान्य केली. न्यूझीलंडचा संघ मात्र त्या संध्याकाळी मुकाट्याने हात मिळवून परतला.

आणि आपण? २००८ साली सिडनीच्या कसोटीनंतर भारतात संतापाची लाट उसळली आणि पुढच्या सामन्यातून स्टीव्ह बकनर यांना हटवलं गेलं. त्याच वर्षी श्रीलंकेत तिसऱ्या पंचाकडे दाद मागण्याची पद्धत पहिल्यांदा वापरून पाहिली गेली, पण तिला सर्वांत जास्त काळ विरोध केला तो भारतीय मंडळाने. देशांतर्गत मालिकेत ती आली २०१६ साली. १९७९ साली दाद मागायला दार नव्हतं म्हणून चिडलेले आपण, दार उघडल्यावर आठ वर्षं उंबरठ्यावर अडून बसलो. ताकद हाती आली की न्यायाची घाई कमी होते. हे फक्त इंग्रजांनाच लागू आहे असं नाही.

इथे राहणाऱ्या आपल्यासाठी या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. निर्णय विरुद्ध गेला की मनात शंका येते: ही चूक, की आपण कोण आहोत त्यामुळे? कधी ती शंका खोटी असते, कधी खरी. म्हणून ती ओरडून नव्हे, विचारून तपासायची असते. जॉन होल्डर आठवतात ना, कराचीतले? नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी आणि इस्माइल दाऊद यांनी इंग्लंडच्या मंडळाच्या चौकशीची मागणी केली. १९९२ नंतर प्रथम श्रेणीच्या यादीत एकही गौरेतर पंच का नेमला गेला नाही, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी एका निर्णयावर बोट ठेवलं नाही. निर्णय देणारे निवडतं कोण, हे विचारलं. रिपोर्टर-रामस्वामींना लाहोरला नेणारा प्रश्नही याच जातीचा होता.

आपल्यापैकी अनेकांची मुलं इथल्या क्लबांत रविवारी सकाळी क्रिकेट खेळतात. तिथे बाहेरून पंच येत नाहीत. कोणाचे तरी बाबा, कोणाची तरी आई कोट घालून उभी राहते. उद्या ती पाळी तुमच्यावर येईल, आणि सीमारेषेवरून कोणीतरी तुम्हालाच आंधळं म्हणेल. मुलांनी मुकाट सोसावं असं नाही, आणि मैदान सोडून निघावं असंही नाही. डाव पूर्ण खेळायचा, हात मिळवायचा, आणि मग सोमवारी क्लबच्या सेक्रेटरीला शांतपणे पत्र लिहायचं: पंचांना प्रशिक्षण मिळतं का? पुढच्या वेळी तिसऱ्या संघातलं कोणी मिळेल का? ओव्हलच्या त्या नऊ धावा काही परत येणार नाहीत. पण अशाच प्रश्नांनी हा खेळ हळूहळू बदलत गेला.

आजच्यापुरतं इतकंच. पुन्हा भेटू पुढच्या भागात. नमस्कार.