दार आणि बसकर

मे महिना आला की सातारा असो वा सांगली, ओळखीचे पालक एकच प्रश्न घेऊन येतात : "सर, पोराला कुठं घालू?" एकीकडे पालिकेची किंवा जिल्हा परिषदेची उर्दू शाळा, दुसरीकडे अनुदानित मराठी शाळा, तिसरीकडे भरपूर फी घेणारी इंग्रजी माध्यमाची. उत्तराआधी मी त्यांना साताऱ्याच्याच दोन गोष्टी सांगतो.

पहिली 7 नोव्हेंबर 1900 ची. त्या दिवशी राजवाड्यातल्या सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या पटावर लहानग्या भीमराव आंबेडकरांचं नाव चढलं. शाळा सरकारी, म्हणून दार उघडलं. पण वर्गात त्यांना बसावं लागे कोपऱ्यात, स्वतःच्या वेगळ्या गोणपाटावर. दार सगळ्यांचं होतं, बसकर नव्हती.

दुसरी गोष्ट कर्मवीर भाऊराव पाटलांची. 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथं मराठा, जैन, मुस्लिम, महार, मांग अशी पोरं एका पंगतीत जेवली, एका छपराखाली झोपली. 1927 मध्ये गांधीजींनी या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं. पैसा कुठून आला? गावोगावच्या घरांतून मूठ-मूठ धान्य जमलं. वेळ आली तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडलं.

पुढे अशा संस्थांच्या शाळांना सरकारी अनुदान मिळालं : पगार सरकारचा, कारभार संस्थेचा. अमेरिकेत 1991 मध्ये मिनेसोटा राज्यानं 'चार्टर' शाळांचा कायदा केला. सरकारी पैसा आणि वेगळा कारभार हे त्याचं सूत्र आपल्याकडे नवं नव्हतं.

आज गोणपाट गेलं. बसकर आता फी आणि माध्यमावरून वेगळी होते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत 25 टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या, तेही मुलांनी एकत्र बसावं म्हणूनच. आपल्या घरांतली अडचण आणखी एक. उर्दू शाळा बऱ्याच गावांत चौथीला किंवा सातवीला संपते. तोवर मराठी कच्चं राहिलं तर मुलगा कसाबसा पुढे जातो, मुलगी मात्र घरी बसते. हे मी वर्गात पाहिलंय.

म्हणून पालकांना सांगतो, इमारत आणि गणवेश नंतर बघा. आधी तीन गोष्टी विचारा. ही शाळा कितवीपर्यंत आहे आणि पुढची शाळा मुलीला चालत जाण्यासारखी आहे का? उर्दू शाळा असेल तर मराठी पहिलीपासून नीट शिकवतात का? आणि माझ्या लेकराशेजारी कोण बसणार?

तिसरा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही. भाऊरावांनी सगळ्यात आधी तोच विचारला होता.