येरवड्याच्या पाण्याचा ठाव

येरवड्याच्या इतिहासात तुरुंगाला जेवढी जागा मिळाली, तेवढी पाण्याला मिळालेली नाही. १९३२ चा पुणे करार इथे झाला, हे शाळकरी मूलही सांगेल. इथल्या नळाचे पाणी कुठल्या डोंगरावर पडले असे विचारले, तर मात्र मोठी माणसेही ‘खडकवासला’ एवढ्यावर थांबतात. हे उत्तर आता पुरेसे नाही आणि एके काळी ते लागूही नव्हते.

१८५० च्या सुमारास सर जमशेटजी जिजीभाई यांच्या भरघोस देणगीतून येरवड्याजवळच नदीवर बंधारा झाला, तो शहराला आणि लष्कराला पाणी मिळावे म्हणून. तेव्हा पुणे पाण्यासाठी येरवड्याकडे पाहत होते. पुढे १८७० च्या दशकात फाइफ यांच्या योजनेतून मुठेवर खडकवासल्याचे धरण उभे राहिले आणि नजर पश्चिमेकडे वळली. २०२१ च्या आरंभी खेड तालुक्यातल्या भामा-आसखेड धरणाचे पाणी पुण्याच्या पूर्व भागाला मिळू लागले. पावणेदोनशे वर्षांत नळामागची नदीच बदलली.

हा बदल मी आजवर कागदपत्रांतून वाचत आलो. पण पाणी स्वतःही एक दस्तऐवज आहे. ऑक्सिजनच्या दर हजार अणूंत सुमारे दोन अणू जड असतात. त्यांना ऑक्सिजन-१८ म्हणतात. हायड्रोजनचा जड भाऊ ड्यूटेरियम त्याहून विरळा. ही समस्थानिके स्थिर आहेत, किरणोत्सारी नव्हेत. अरबी समुद्रावरून आलेला ढग सह्याद्री चढताना बरसू लागला, की जड रेणू आधी खाली येतात आणि उरलेली वाफ हलकी होत जाते. जलाशयात साठलेल्या पाण्यातून उन्हाने हलके रेणू आधी उडतात आणि मागे जडपणा वाढतो.

पानशेतच्या पुराने पुणे उद्ध्वस्त झाले, त्याच १९६१ साली हार्मन क्रेग यांनी दाखवून दिले, की जगभरच्या पावसात या दोन जड अणूंचे प्रमाण साधारण एकाच सरळ रेषेत बसते. बाष्पीभवन झालेले पाणी त्या रेषेवरून घसरते. म्हणूनच बोअरवेलमध्ये मुरलेला पाऊस आहे की फुटक्या जलवाहिनीतून झिरपलेले धरणाचे पाणी, हे ओळखण्याचा मार्ग सापडतो. बेसॉल्टच्या भेगांत पाणी धरणाऱ्या पुण्याच्या जमिनीत या प्रश्नाला मोल आहे.

या पद्धतीला मर्यादाही आहे. भामा आणि मुठा दोघींना एकाच मोसमी वाऱ्याचा पाऊस मिळतो. दोन्ही धरणांच्या पाण्याच्या खुणा एकमेकींच्या जवळच असणार. त्या वेगळ्या काढायच्या, तर ऋतूगणिक नमुने घ्यावे लागतील. आणि नमुने कितीही घेतले, तरी हक्काचा प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाही. भामा-आसखेडच्या धरणग्रस्तांनी पुनर्वसनासाठी जलवाहिनीचे काम वेळोवेळी अडवले. येरवड्याशी वाहत येणाऱ्या मुळेची कथा याहून जुनी. तिच्या उगमाकडे टाटांचे मुळशी धरण होऊ नये म्हणून १९२१ पासून शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले. धरण झालेच. पूर्वेला वाहणाऱ्या नदीचे पाणी विजेसाठी घाटाखाली, भिऱ्याला उतरवले गेले.

येरवड्याच्या पुलाखालून जाणारे पाणी तपासले, तर त्याने किती ऊन सोसले हे जड अणू सांगतील. जे पाणी इथवर पोचलेच नाही, त्याची नोंद त्यात असणार नाही. बुडालेल्या गावांची आणि गेलेल्या जमिनींची नावे महसुलाच्या दप्तरात आणि विस्थापितांच्या अर्जांतच शोधावी लागतील. म्हणून पाण्याचा इतिहास लिहिणाऱ्याने यापुढे दोन्ही दस्तऐवज शेजारी ठेवून वाचावेत. एकातून पाण्याची वाट कळते, दुसऱ्यातून त्या वाटेची किंमत कोणी मोजली ते.