बी अम्मा : घरातली आई, देशाची आई

खेड्यापाड्यांतल्या मुस्लिम घरात वडीलधारी बाई हाच घराचा खरा आधार असतो. तिला कुणी दादी म्हणते, कुणी नानी, कुणी अम्माबी. धान्याच्या कोठीपासून लेकीबाळींच्या सोयरिकीपर्यंत शेवटचा शब्द तिचा असतो. पण अशा बायांचा इतिहास कुणी लिहीत नाही. घरातली जुनी माणसे गेली की त्यांच्या आठवणीही जातात. बी अम्मांची हकिकत तेवढी शिल्लक राहिली. त्यांच्या मुलाने, मौलाना मुहम्मद अली यांनी, तुरुंगात लिहिलेल्या ‘माय लाइफ : अ फ्रॅगमेंट’ या आत्मचरित्रात आईबद्दल मनापासून लिहिले आहे.

बी अम्मांचे नाव आबादी बानो बेगम. जन्म 1850 च्या सुमाराचा, आजच्या उत्तर प्रदेशातील अमरोह्याचा. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. रामपूर संस्थानातील अब्दुल अली खान यांच्याशी त्यांचा निकाह झाला. 1880 मध्ये कॉलऱ्याने पतीचा इंतकाल झाला, तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आसपास होते. पदरात पाच मुलगे आणि एक मुलगी. मुहम्मद अली तर दोन वर्षांचेही नव्हते. धर्माने विधवेला दुसऱ्या निकाहाची मोकळीक दिली आहे. पण बी अम्मांनी तो केला नाही. मुलांची तालीम हेच त्यांनी आपले काम मानले.

त्या काळी शरीफ मुस्लिम घराण्यांत इंग्रजी शिक्षणाची धास्ती होती. इंग्रजी शिकलेला मुलगा दीनला मुकतो, असे लोक मानत. इस्टेटीचा कारभार पाहणाऱ्या नातलगाने इंग्रजी शाळेसाठी पैसे द्यायचे नाकारले. बी अम्मांनी वाद घातला नाही. मोलकरणीच्या हाती आपले दागिने गुपचूप गहाण ठेवायला पाठवले आणि मुलाच्या बरेलीच्या शाळेची सोय केली. पुढे शौकत अली आणि मुहम्मद अली दोघेही अलिगडला शिकले. 1898 मध्ये मुहम्मद अली ऑक्सफर्डला गेले. ‘कॉम्रेड’ आणि ‘हमदर्द’ ही वृत्तपत्रे काढणाऱ्या या संपादकाच्या शिक्षणाचा पाया एका निरक्षर म्हणाव्या अशा विधवेच्या दागिन्यांवर उभा होता, हे विसरता येणार नाही.

1915 मध्ये सरकारने अली बंधूंना स्थानबद्ध केले आणि पुढे छिंदवाड्याला ठेवले. नागपूरच्या उत्तरेचे हे गाव त्या वेळी मध्य प्रांत-वऱ्हाडात होते. उतारवयातली आई तिथेही मुलांबरोबर राहिली. सरकारच्या अटींवर सही करून सुटका करून घ्यायचा प्रश्न आला, तेव्हा अशी सही केलीत तर मीच तुमचा गळा दाबीन, असे त्यांनी मुलांना बजावल्याचे सांगतात. 1917 च्या डिसेंबरात कलकत्त्याला मुस्लिम लीगचे अधिवेशन भरले. निवडलेले अध्यक्ष मुहम्मद अली स्थानबद्धतेत होते. त्या सभेपुढे बुरख्यातल्या बी अम्मा बोलल्या. राजकीय व्यासपीठावरून परदानशीन मुस्लिम बाईने असे बोलणे त्या काळात नवलाचेच होते.

1921 मध्ये कराचीच्या खटल्यात दोन्ही मुलांना दोन वर्षांची सजा झाली. सत्तरी ओलांडलेल्या बी अम्मा मग गावोगाव फिरल्या. खादी वापरा, परदेशी कापड टाका, खिलाफत आणि स्वराज्यासाठी पैसे द्या, हिंदू-मुसलमानांनी एक राहा, हे त्यांचे सांगणे होते. त्यांच्या तोंडी मुलाला उपदेश घालणारे एक गाणे उत्तर हिंदुस्थानात घरोघरी गेले. पंजाबातल्या एका सभेत त्यांनी चेहऱ्यावरचा नकाब दूर केला. समोरचे सगळे मला मुलांसारखे आहेत, मग मुलांपासून परदा कसला, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी परद्याविरुद्ध बंड पुकारले नाही. घरातल्या आईचे नातेच त्यांनी उंबऱ्याबाहेर नेले, आणि लोकांनीही ते मानले.

अखेरचे वर्ष मात्र दुःखाचे होते. मार्च 1924 मध्ये खुद्द तुर्कस्ताननेच खिलाफत रद्द केली. देशात ठिकठिकाणी दंगली उसळल्या. सप्टेंबरात गांधीजींनी ऐक्यासाठी एकवीस दिवसांचा उपवास सुरू केला, तो दिल्लीत मुहम्मद अलींच्याच घरी. त्यानंतर थोड्याच दिवसांत, नोव्हेंबर 1924 मध्ये बी अम्मा अल्लाला प्याऱ्या झाल्या. ज्या एकीसाठी त्या म्हातारपणी वणवण फिरल्या, ती डोळ्यांदेखत विरताना त्यांना पाहावी लागली.

इतिहासाच्या पुस्तकांत त्यांची ओळख ‘अली बंधूंची आई’ एवढीच येते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. अली बंधू घडण्याआधी त्यांना शाळेत घालण्याचा निर्णय या बाईने एकटीने घेतला होता. मात्र तिचे दागिने गहाण पडले ते मुलांच्या शाळेसाठी. अलिगडमध्ये मुलींची शाळा निघाली ती 1906 मध्ये, शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांच्या प्रयत्नांनी. तोवर बी अम्मांची मुले शिकून कर्ती झाली होती.

आपल्या गावातही मुलांच्या फीसाठी पाटल्या मोडणाऱ्या, शेळ्या विकणाऱ्या दाद्या-नान्या होऊन गेल्या. त्यांच्यावर आत्मचरित्र लिहिणारा मुलगा सगळ्यांनाच लाभत नाही. ज्यांच्या घरी अशी बाई आज हयात आहे, त्यांनी तिच्याजवळ बसून तिचे बोलणे उतरवून घ्यावे. आणि तिच्या नातीची शाळा पैशांअभावी थांबणार नाही, एवढे पाहावे. बी अम्मांची आठवण ठेवायची ती अशी.