असईचे भाडोत्री अंमलदार

आत्मप्रेम, कावेबाजपणा आणि निर्दयता या तिन्हींना पॉलहस आणि विल्यम्स यांनी २००२ साली ‘काळे त्रिकूट’ म्हटले. अशा माणसांना सत्ता-पैशाचे धंदे खुणावतात का, हे तपासायला जालना जिल्ह्यातले असई बरे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेविरुद्ध शिंद्यांच्या कवायती पलटणी हॅनोव्हरचा भाडोत्री अंमलदार पोलमन याच्या हाताखाली लढल्या. छावणीत बेगम समरूच्याही पलटणी होत्या. तिचा दिवंगत नवरा समरू म्हणजे १७६३ साली पाटण्याला इंग्रज कैद्यांची कत्तल करणारा, धनी बदलत अखेर सरधन्याची जहागीर मिळवलेला. एवढ्यावरून भाडोत्री शिपाईगिरीच काळ्या मनाची ठरवणे सोपे आहे. पण त्याच फौजेतले गोलंदाज तोफांपाशीच मेले. काहींनी मेल्याचे सोंग घेतले आणि इंग्रज पुढे सरकताच मागून पुन्हा तोफा डागल्या. कंपनीचे दीड हजारांहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. पगारी चाकर हे गोलंदाजही होतेच की!

कोणी म्हणेल, शिंद्यांचे कित्येक गोरे अंमलदार लढाईआधीच निघून गेले, तो स्वभावच. पण ऑगस्टमध्ये कंपनीने जाहीरनामा काढून त्यांना परत बोलावले होते, चरितार्थाची हमीही दिली होती. ब्रिटिश प्रजाजनाने राहायचे तर राजद्रोहाचा ठपका. त्या जाण्यात काळेपणापेक्षा हिशेबच जास्त दिसतो. समरूचे क्रौर्य मात्र या हिशेबात बसत नाही.