मनोरुग्णांचे कौटुंबिक पुनर्वसन, भारतातील
मनोरुग्णांचे कौटुंबिक पुनर्वसन, भारतातील : छिन्नमानस किंवा तत्सम तीव्र मानसिक विकारामुळे आप्तेष्टांपासून तुटलेल्या प्रौढ व्यक्तीस कुटुंबात व लोकव्यवहारात पुन्हा स्थान मिळवून देण्याचे कार्य. ब्रिटिश अमदानीतील वेड्यांची इस्पितळे मुख्यत्वे स्थानबद्धतेसाठी होती. १९१२ च्या अधिनियमानुसार रुग्ण बहुधा दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने दाखल होई. आजार ओसरल्यावर घरचे दार उघडेलच, अशी शाश्वती नसे.

या परंपरेस ठळक छेद दिला तो अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी. १९५० नंतरच्या दशकात त्यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णासोबत राहावयास लावले. ही सोय जागेच्या टंचाईतून निघाली खरी. परंतु तिचा परिणाम दूरगामी ठरला. रुग्णात पडत जाणारा फरक आप्त स्वतः पाहत, त्याच्याशी वागावे कसे हे शिकत आणि त्याला घेऊनच गावी परतत. पाश्चात्त्य मानसोपचारात त्या काळी कुटुंबाकडे, विशेषतः मातेकडे, छिन्नमानसाचे कारण म्हणून पाहण्याची प्रवृत्ती प्रबळ होती, हे ध्यानी घेता या प्रयोगाचे मोल अधिकच जाणवते. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार केंद्रातही नातेवाइकाने सोबत राहण्याचा प्रघात पडला.

घरात सतत टीका, वैरभाव किंवा अतिरेकी काळजी असल्यास विकार उलटण्याचा संभव वाढतो, असे लंडनमधील संशोधनात आढळले होते. चंदीगढ येथील तुलनात्मक अभ्यासात (१९८७) असे वर्तन लंडनपेक्षा बरेच कमी दिसून आले. यावरून भारतीय कुटुंबाचे गोडवे गाणे मात्र युक्त नव्हे. शुश्रूषेचा भार बहुतेक ठिकाणी आई वा पत्नी यांच्यावरच पडतो, आणि थकलेली कुटुंबे रुग्णास दर्ग्यात वा देवस्थानी ठेवून जातात. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत पंचवीसहून अधिक मनोरुग्ण मरण पावले. साखळदंडांमुळे त्यांना पळता आले नाही.

महाराष्ट्रात डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांसाठी श्रद्धा पुनर्वसन प्रतिष्ठान स्थापिले. कर्जत येथील केंद्रात औषधोपचारानंतर रुग्णाच्या आठवणीतून गावाचा, नात्यांचा माग काढला जातो आणि कार्यकर्ते त्यास परप्रांतीही घरी पोहोचवितात. मृत समजलेला मनुष्य दारात उभा राहतो, असेही घडते. या कार्यासाठी भरत वाटवानी यांना २०१८ चा रामोन मागसायसाय पुरस्कार मिळाला.

सर्वांनाच घर परत मिळते असे नाही. विवाहित स्त्रीस सासर नाकारते आणि माहेरी वृद्ध मातापित्यांच्या पश्चात कोणी उरत नाही, ही अडचण विशेष बिकट होय. कुटुंब नाही किंवा ते स्वीकारीत नाही, एवढ्याच कारणास्तव कोणासही रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात स्पष्ट म्हटले असून, अशांसाठी निवासाची व्यवस्था करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे.