हे पत्र नक्की कुणाचं?

पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "युद्धावरून घरी आलेली पत्रं विषय म्हणून घेऊ का?" जरूर घ्या. पण आधी बघा, तुमच्या हातात पत्र आहे की पत्राचा उतारा?

जवळचंच उदाहरण घेऊ. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ला फ्रान्समध्ये नव्ह शापेलला लढल्या. फ्रान्समधल्या हिंदी सैनिकांची पत्रं बूलोन बंदरातली सेन्सॉर कचेरी तपासायची. निवडक मजकूर इंग्रजीत करून अहवालात घातला जायचा. पत्र पुढे गावाला जायचं. अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

म्हणजे आपण वाचतो ते बऱ्याचदा सैनिकाने सांगितलेलं, दुसऱ्याने लिहून दिलेलं, सेन्सॉरने निवडलेलं आणि भाषांतरकाराने इंग्रजीत आणलेलं असतं. त्याला सरळ 'सैनिकाचा आवाज' म्हणू नका. शिवाय पत्रं उघडली जातात हे सैनिकांनाही ठाऊक होतं. म्हणून तर हिंदी सैनिकांसाठी 'काळी मिरी' आणि गोऱ्यांसाठी 'लाल मिरची' असे सांकेतिक शब्द आले.

आता खलाशांकडे या. रत्नागिरीकडची कितीतरी माणसं मुंबईहून बोटीवर चढली. मुंबईत मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक आहे. समुद्राशिवाय त्यांना दुसरी कबर नाही. बूलोनची कचेरी होती पलटणीच्या टपालासाठी. म्हणून खलाशाचं पत्र शोधायचं तर फायलींइतकंच घरांत शोधा.

युद्धकाळात बोटीचं नाव, बंदर, निघायची तारीख लिहायला मनाई असायची. त्यामुळे पत्रात फक्त "मी खुशाल आहे" दिसलं, तर त्याला सांगण्यासारखं काही नव्हतं असा निष्कर्ष काढू नका. पाकीट बघा. टपालाचा शिक्का, सेन्सॉरची खूण बघा. अक्षर कुणाचं, घरी वाचून कोण दाखवायचं, हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पत्रात नसलेलं बरंच त्यातून कळतं.

भोसरी, निगडी, चाकणला कंपनीत नोकरीसाठी आलेल्या कितीतरी घरांची मुळं कोकणात आहेत. गावचं घर पाडायला निघालं की जुनी ट्रंक आधी रद्दीत जाते. या सुट्टीत गावाला गेलात तर ती उघडा. कागद चिकटवू नका, लॅमिनेट तर मुळीच नको. पाकिटासकट फोटो काढा आणि कुणाकडून मिळालं ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.