पेन्सिलीची नोंद

साक्री तालुक्यात, पांझरेकाठी आमचं पिंपळनेर. वडील गेले तेव्हा वारसनोंदीसाठी मी आईबरोबर तलाठ्याकडे गेलो. आप्पांनी फेरफार वहीत मजकूर लिहिला, सातबाऱ्यावर पेन्सिलीनं क्रमांक टाकला. म्हणाले, ‘वहिनी, या तुम्ही. पंधरा दिवस हरकतीचे, मग सर्कलसाहेब मंजुरी देतील.’

मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्यानं हक्कनोंदणी आली, १९६६ च्या महसूल संहितेनं ती चालू ठेवली. आधी टिपून घ्यायचं, पक्कं मागाहून. त्यामुळे रांग खोळंबत नाही. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहितीचे तक्ते एकमेकांशी जोडण्याची पद्धत मांडली. तिच्यावर उभ्या राहिलेल्या संगणकांनाही पुढं असंच काम करता येऊ लागलं. ‘मजकूर घेतला’ एवढं कळताच प्रोग्राम पुढं सरकतो. नोंद फसली, तर तो निरोप मात्र मागून घ्यावा लागतो. न घेतल्यास चूक मुकी राहते.

आमचंही तेच झालं. थोरल्या बहिणीचं नाव लिहायचं राहिलं. नोटीस लागली चावडीवर, ताई सासरी सुरतेला. हरकत घेणार कोण? पेन्सिलीची शाई झाली. पुढं ताईचं नाव लागलं, पण नव्या फेरफारानं. जुना, चुकीचा फेरफार वहीत अजून तसाच आहे.